मुरलेली गोडी

शनिवार, रात्री उशिरा

चव अजून जिभेवर रेंगाळते आहे, तोवर लिहून ठेवते. आज शातो रियुसेक १९८८ चाखली. फ्रान्समधल्या बोर्दोच्या दक्षिणेकडच्या सोतेर्न भागातली गोड वाइन.

बूच काढतानाच सगळ्यांचा श्वास अडकला होता. इतकं जुनं बूच साध्या स्क्रूने ओढलं की चुरा होतो, म्हणून मित्राने दोन पात्यांचा ओपनर कडेने हळूहळू आत सरकवला. बूच अखंड निघालं. खालच्या टोकाला बारीक चकाकते खडे चिकटलेले. साखर समजून एकाने चाटले आणि तोंड वाकडं केलं! ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, चवीला चक्क आंबट.

ग्लासातला रंग जुन्या पितळेचा. आधी वास येईचना, कारण बाटली फार गार होती. दहा-बारा अंशांच्या आसपास आल्यावर मात्र एकेक उलगडत गेलं: संत्र्याची कडवट साल, सुकं जर्दाळू, केशर आणि अगदी शेवटी भाजलेली मेथी. मेथीचा भास नव्हे. मेथीदाण्याला त्याचा वास देणारं सोटोलॉन हे द्रव्य अशा वाइनमध्येही सापडतं.

या सगळ्याच्या मुळाशी आहे बुरशी, बोट्रायटिस. सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी तुलनेने उबदार गारोनला मिळते, त्यामुळे शरदात सकाळी धुकं धरतं आणि दुपारी ऊन ते उडवून लावतं. धुक्यात बुरशी वाढते, सेमियों द्राक्षाची पातळ साल भेदते. उन्हात पाणी उडतं, साखर आणि आम्ल दोन्ही घट्ट होतात. ऊन पडलंच नाही तर तीच बुरशी पीक नासवते. तोडणारे त्याच मळ्यात पुन्हा पुन्हा फिरतात, दर वेळी फक्त नीट सुकलेले मणी घेतात. शेजारच्या शातो दिकेम या वाइनच्या मळ्यात तर एका वेलीमागे एक ग्लास वाइन निघते असं म्हणतात, आणि २०१२ साली त्यांनी दिकेम काढलीच नाही.

पण मला खरं नवल गोडीचं वाटतं. लिटरमागे शंभर ग्रॅमच्या पुढे साखर, आणि ती बाटलीत वर्षानुवर्षं पडून कमी होत नाही. तरी ही वाइन कोवळ्या सोतेर्नपेक्षा कितीतरी कमी गोड लागली. कोवळीचा अर्धा ग्लास झाला की मी कंटाळते. तिथे मध, मध आणि मधच. इथे प्रत्येक घोटाला सालीचा कडवटपणा आडवा येतो, मागून आंबटपणा जीभ धुऊन काढतो, आणि पुढचा घोट हवासा वाटतो. माझ्या मते नाकाला कडू, भाजकं काही मिळालं की जीभही गोड कमी मोजते.

सोबत केक ठेवला होता. कशाला? गोडाशेजारी ही वाइन उगाच आंबट, पातळ वाटायला लागते. खारट रोकफोर चीजचा तुकडा घेतला तेव्हा कुठे जोडी जमली.

१९८८, ८९ आणि ९० ही तिन्ही वर्षं सोतेर्नला लागोपाठ उत्तम गेली. मित्राकडे १९९० ची अर्धी बाटली आहे. मी म्हटलं, अजून थांब. त्याचं म्हणणं, अर्धी बाटली लवकर पिकते, थांबायचं ते कशासाठी? मुद्दा बिनतोड आहे, पण मी तसं कबूल केलेलं नाही.