मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं?

मिरज, तासगाव, विटा, कराड, फलटण, कुठल्याही भागातल्या वस्तीवर जनगणनेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ‘घरात आम्ही कैकाडी बोलतो, बाहेर मराठी. मग मातृभाषा कुठली सांगायची? आणि मराठी सोडून दुसरं काही सांगितलं तर जातीच्या दाखल्याला अडचण येईल का?’ वडार वस्तीत हाच प्रश्न वडारीबद्दल असतो, पारध्यांच्या पालांवर, म्हणजे तंबूंच्या मुक्कामावर, पारधीबद्दल. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आई लहानपणी तुमच्याशी ज्या भाषेत बोलली, ती तुमची मातृभाषा. ही व्याख्या आमची नाही, 2011 च्या जनगणनेत प्रगणकांना, म्हणजे घरोघरी नोंद घेणाऱ्यांना, दिलेल्या सूचनांतली आहे. मूल तान्हं असतानाच आई गेली असेल, तर त्या घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा धरायची. लिपी आहे का, पुस्तकं आहेत का, शाळेत शिकवतात का, यातलं काहीही विचारात घ्यायचं नसतं. ‘ती बोली आहे, भाषा नाही’ असं ठरवण्याचा अधिकार प्रगणकाला नाही. तुम्ही जे नाव सांगाल तेच त्याने लिहायचं. एका घरात सगळ्यांची मातृभाषा एकच असली पाहिजे असंही नाही. सून दुसऱ्या भाषेच्या घरातून आली असेल तर तिची नोंद वेगळी.

पण नाव सांगितलं म्हणजे काम झालं असं नाही. खरी मेख त्याच्या पुढे आहे. 2011 मध्ये देशभरातून मातृभाषांची 19,569 नावं आली. छाननी करून, एकाच भाषेची वेगवेगळी नावं आणि स्पेलिंगं एकत्र करून त्यातल्या 1,369 मातृभाषा ओळखल्या गेल्या. 1,474 नावांचा मेळ कशाशीच बसला नाही, ती ‘इतर’मध्ये गेली. शिवाय 1971 पासून देशभरात 10,000 पेक्षा कमी लोकांनी सांगितलेल्या भाषेचं नाव प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात येत नाही. 1961 च्या यादीत मातृभाषांची 1,652 नावं होती, पुढच्या, 1971 च्या यादीत 108 भाषा उरल्या. लोक रातोरात मुके झाले नव्हते, मोजण्याची चाळण बदलली होती.

ओळखलेली नावं मग मोठ्या भाषांच्या पोटात घातली जातात. कैकाडी तमिळखाली मोजतात, वडारी तेलुगूखाली, पारधी भिलीखाली आणि बंजाऱ्यांची भाषा हिंदीखाली. कैकाडी आणि वडारी द्राविड कुळातल्या आहेत, त्यामुळे त्या दोन गटांना निदान भाषाशास्त्राचा आधार आहे. घरी बसून पडताळा घ्यायचा असेल तर आजीला हात आणि डोळ्याला काय म्हणतात ते विचारा. तमिळमध्ये हात म्हणजे ‘कै’ आणि डोळा ‘कण्’, तेलुगूत ‘चेय्यि’ आणि ‘कन्नु’. आजीचा शब्द शेजारी ठेवून पाहा. नातं कळलं की ‘आमचं बोलणं म्हणजे मोडकं मराठी’ हा समज मुलांच्या डोक्यातून जातो, आणि तो जायलाच हवा. बंजारा भाषा हिंदीखाली घालण्याला मात्र आम्हाला कुठलाच पटणारा आधार दिसत नाही.

म्हणून पहिलं काम नावाचं. वस्तीने एकत्र बसून एकच नाव ठरवावं. एका गल्लीत कुणी ‘कैकाडी’ सांगतो, कुणी ‘कोरवा’, कुणी ‘आमची घरची भाषा’. यातलं शेवटचं थेट ‘इतर’मध्ये जाण्याचा धोका आहे. पारध्यांमध्ये तर ‘पारधी’, ‘वाघरी’ आणि ऐकायला तशी वाटते म्हणून ‘गुजराती’ अशी तीन उत्तरं येऊ शकतात. गुजराती सांगितलं की तो माणूस गुजराती भाषकांत मोजला गेला, संपलं. जे नाव जनगणनेच्या यादीत आधीपासून आहे, म्हणजे कैकाडी, वडारी, पारधी, तेच सांगितलेलं चांगलं. धंद्यासाठी शिकलेले सांकेतिक शब्द ही वेगळी गोष्ट आहे. ते कितीही पिढ्यांचे असले तरी आई बाळाशी त्यात बोलत नाही, म्हणून ते या रकान्यात येत नाहीत.

आता भीतीबद्दल. ज्या जमातींना 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं, ज्यांची पोलिसांकडची हजेरी 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द होईपर्यंत चालू राहिली, त्यांना सरकारी माणसाने वहीत नाव लिहून घेणं म्हणजे काय वाटतं, हे कुणी हलकं घेऊ नये. पण जनगणनेची वही ती नव्हे. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की वैयक्तिक नोंदी पाहण्याचा कुणालाही हक्क नाही, आणि याच कायद्याखालचा खटला सोडला तर न्यायालयात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. मातृभाषा कैकाडी लिहिली म्हणून दाखला अडत नाही, आणि लिहिली म्हणून मिळतही नाही. दाखल्याला विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 या तारखांच्या आधीपासूनचं वास्तव्य आणि कागद लागतात. तो सगळा वेगळा मार्ग आहे.

तिथेही भाषा येते, पण वेगळ्या दाराने. फासेपारधी मुलाच्या जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून मिळणाऱ्या वैधता प्रमाणपत्राच्या चौकशीत पडताळणी समितीचं दक्षता पथक बोली, देव, लग्नाच्या रीती विचारतं. शाळेत मराठीच बोलावं म्हणून घरची बोली सोडलेल्या मुलाला ती येत नसते. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही आप्तभाव चाचणी, म्हणजे बोली-रीतींवरून जमातीशी नातं तपासणं, ही अंतिम कसोटी नाही. भाषा विसरलं म्हणून मूल त्या जमातीचं उरत नाही, असं होत नाही.

मुलांच्या रकान्यात मात्र प्रामाणिक राहावं. आई बाळाशी मराठीच बोलत असेल तर बाळाची मातृभाषा मराठी, आजोबांची काहीही असो. आकडा वाढवायचा म्हणून सगळ्यांना कैकाडी लावू नका. 2011 मध्ये मातृभाषेनंतर ‘येत असलेल्या इतर भाषा’ असा रकाना होता, त्यात दोन भाषा जास्त चांगली येणारी आधी या क्रमाने सांगता येत होत्या. मूल कैकाडी समजून बोलत असेल तर ती तिथे येऊ द्या. हा रकाना लोक घाईत सोडून देतात, आणि भाषा कुठे मातृभाषेवरून घसरून दुसऱ्या जागेवर आली ते नेमकं तिथेच दिसतं. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असं संविधानाचं कलम 350-क राज्याला सांगतं. ती मागायला गेलात की पहिला प्रश्न येणार, बोलणारे किती?

चुका कुठे होतात? बहुतेक उंबऱ्यावर. प्रगणक बहुधा शिक्षक असतो, एका दिवसात बरीच घरं उरकायची असतात. कुटुंबप्रमुखाला एकदा विचारून तीच भाषा खाली सगळ्यांना लावली जाते. किंवा तुम्ही त्याच्याशी मराठीत बोलता म्हणून न विचारताच ‘मराठी’. किंवा उलटं, जात कैकाडी म्हणून भाषाही कैकाडी. 2027 च्या गणनेत जातही नोंदवायची आहे, त्यामुळे ही गल्लत वाढेल. जात आणि भाषा स्वतंत्रपणे सांगा. एका कागदावर प्रत्येक माणसाचं नाव, वय, मातृभाषा आणि इतर दोन भाषा आधीच लिहून ठेवा. घरात फक्त पोरं असली तरी कागद दाखवता येतो. ही पहिली डिजिटल जनगणना आहे, नोंद मोबाईलवर होईल, तेव्हा भाषेचा रकाना मोठ्याने वाचून दाखवा असं सांगा.

या गणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे माणसं मोजली जाणार फेब्रुवारीत. तेव्हा आपल्याकडे ऊसतोड, वीटभट्ट्या, खाणी जोरात असतात आणि अर्धी वस्ती बाहेर असते. पूर्ण काळ बाहेर असणाऱ्यांची नोंद मुक्कामाच्या जागी होते, घरी परत सांगून दोनदा करायची नाही. मुकादमाला हे माहीत असलं पाहिजे. 2011 मध्ये उघड्यावर राहणाऱ्यांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. याही वेळी तशी रात्र ठरली की पाल कुठे पडलंय ते तहसील कार्यालयात आधी कळवा, आणि त्या रात्री पाल हलवू नका.