अप्पांचा ट्रान्झिस्टर

आज माळा आवरताना अप्पांचा ट्रान्झिस्टर सापडला. सेल घातले, बटण फिरवलं आणि खरखर ऐकूनच डोळे भरून आले. डायलवर ५५८ च्या जागी त्यांनी बॉलपेनने केलेली खूण अजून तशीच आहे. मुंबईची अस्मिता वाहिनी!

दुपारी फक्त खरखर होती. दिवेलागणीनंतर मात्र एकामागून एक स्टेशनं येऊ लागली, काही तर न कळणाऱ्या भाषांतली. दिवसा आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या अगदी वरच्या विद्युतभारित भागातला, ‘डी’ थर मीडियम वेव्हच्या, म्हणजे या स्टेशनांच्या, लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर जवळजवळ नाहीसा होतो आणि लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. एफएमचं तसं नाही, मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो.

अप्पा बातम्यांच्या आधी रेडिओ हळूहळू फिरवत बसायचे. आत फेराइटची कांडी असते, तीच अँटेना. तिची लांब बाजू स्टेशनाच्या दिशेला आडवी आली की आवाज स्वच्छ होतो. हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

आत्ताही तो उशाशी, तसाच किंचित तिरका ठेवलाय. साताऱ्याकडची कुणी मंडळी अजून मीडियम वेव्ह ऐकतात का? रात्री काय काय लागतं, सांगा ना.