तुम्ही विचारलंत म्हणून : किती पदवीधर हवेत?

विद्यापीठात शिकवते असे कळले की लोक हमखास विचारतात : ज्या विषयांत नोकऱ्या आहेत तेवढ्याच जागा ठेवून बाकीच्या बंद का करत नाही? या प्रश्नामागे बहुधा घरात नोकरीविना बसलेला एखादा पदवीधर असतो, म्हणून मी तो कधीच उडवून लावत नाही.

पहिली अडचण काळाची आहे. विद्यार्थी शाखा निवडतो आजचे पगार पाहून आणि नोकरी शोधायला निघतो तीन-चार वर्षांनी. पगार चढले की सगळे तिकडे धावतात. ते शिकून बाहेर पडेपर्यंत त्या कामाला माणसे जास्त होतात, पगार उतरतात, प्रवेश रोडावतात आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई येते. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये हेच चक्र मांडले. शेतमालाच्या भावांत ते अर्थशास्त्रज्ञांना त्याआधीच दिसले होते.

मग आधीच हिशेब का मांडू नये? तोही मांडून झाला आहे. १९६०च्या दशकात ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल, तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हिया या सहा देशांसाठी १९७५ पर्यंतच्या शिक्षणाच्या गरजा काढल्या : आधी उत्पादन किती वाढेल, त्यावरून कोणत्या कामाला किती माणसे लागतील आणि त्यावरून किती पदव्या. या साखळीतले गृहीतक असे की एका कामाला एकच पदवी लागते, आणि माझ्या मते हिशेब तिथेच फसतो. मी अभ्यासमंडळावर असताना आम्ही काही कंपन्यांना प्रश्नावली पाठवली होती. ‘पाच वर्षांनी कोणत्या पदवीचे किती लोक लागतील?’ या रकान्यात बहुतेकांनी आडवी रेघ मारली होती. एकाने पेन्सिलीने आकडा लिहून खोडला होता आणि शेजारी लिहिले होते, ‘समजून घेणारा कोणीही चालेल, काम आम्ही शिकवू.’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

जाणकारांचे अंदाजही चुकतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटले होते की रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणे आता थांबवावे, कारण ते काम लवकरच यंत्र करेल. आज अनेक देशांत त्यांचीच कमतरता आहे.

हिशेब अजिबात जमत नाही असेही नाही. शिक्षकांचा बराचसा जमतो, कारण सहा वर्षांनी शाळेत येणारी मुले आज जन्मलेली असतात; शिवाय तिथे पदवी हाच कामाचा परवाना असतो. बाकी विषयांत मात्र जागा कापण्यापेक्षा विशेष शाखेची निवड उशिरापर्यंत खुली ठेवावी आणि नोकरीत असलेल्यांना दुसरे काही शिकायला सहज परत येता यावे, असे मला मनापासून वाटते.

आणि एक मागणी तुम्हीही लावून धरा : ज्या विषयाला प्रवेश घ्यायचा, त्याचे पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आज कोणते काम करतात, हे प्रवेशअर्जाबरोबरच छापून मिळाले पाहिजे.