रिप्राइसर लावताय? आधी किमान किंमत काढा

रिप्राइसर म्हणजे ऑनलाइन मार्केटप्लेसवर इतर विक्रेत्यांचे भाव बघून तुमची किंमत आपोआप बदलणारं टूल. तो हाती आला की बहुतेक विक्रेते पहिला नियम टाकतात तो असा: सगळ्यात स्वस्त विक्रेत्यापेक्षा 1 रुपयाने कमी. समोरच्यानंही तोच टाकलेला असतो. मग दोघंही एकेक पायरी उतरत जातात आणि ज्याची किमान किंमत (जिच्याखाली टूलने उतरायचं नाही ती) आधी येते तो तिथे अडकतो. म्हणजे अशा चढाओढीत तुमचा भाव ठरतो किमान किंमतीवर, आणि नेमका तोच रकाना घाईघाईत भरला जातो.

नेहमीची गफलत बघा. खरेदी 300, पॅकिंग आणि कुरिअर 60, एकूण 360. कमिशन 15 टक्के, जाहिरात 5, नफा हवा 10. झाले 30 टक्के, म्हणून 360 वर 30 टक्के चढवून 468 लिहायचे. पण कमिशन आणि जाहिरातीचा खर्च विक्रीच्या किंमतीवर धरलेला आहे. 468 मधून 93.60 गेले की उरतात 374.40. नफा 14.40, जेमतेम 3 टक्के. इथे भागाकारच हवा: 360 भागिले 0.70, म्हणजे 514.29.

यात परत आलेला माल धरलेलाच नाही. 100 पैकी 8 ऑर्डरी परत येत असतील आणि प्रत्येकीमागे 100 बुडत असतील, तर ते 800 उरलेल्या 92 ऑर्डरींतूनच निघायचे. दर नगामागे 8.70 धरा, किमान किंमत 526.71 वर जाते. (कर वेगळा.) वर 10 टक्क्यांचं कूपन चालू राहिलं तर हा सगळा हिशेब पाण्यात, कारण सूट बहुधा रिप्राइसरच्या किंमतीनंतर कापली जाते.

तुलना कोणाशी, हेही ठरवावं लागतं. डिलिव्हरीसकट किंमत धरा. वापरलेला माल, स्टॉक नसलेले, उशिरा पाठवणारे आणि वाईट रेटिंगचे विक्रेते वगळा. स्वतःचं दुसरं खातं वगळायला विसरलात, तर तुम्ही स्वतःशीच भाव पाडत बसाल.

कमाल किंमत लोकांना फालतू वाटते. 2011 मध्ये अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाचे दोन विक्रेते होते. एकाचा नियम दुसऱ्याच्या 0.9983 पट, दुसऱ्याचा पहिल्याच्या 1.270589 पट. गुणाकार 1 च्या वर, त्यामुळे प्रत्येक फेरीत भाव सुमारे 27 टक्के वाढायचा. तो 2 कोटी 36 लाख डॉलरच्या पुढे गेला. उलटही घडलंय: डिसेंबर 2014 मध्ये एका रिप्राइसरच्या बिघाडामुळे अ‍ॅमेझॉनच्या ब्रिटिश साइटवर बऱ्याच वस्तू 1 पेनीला लागल्या. म्हणून किमान-कमाल किंमत टूलमध्ये भरलीत तरी, मार्केटप्लेसच्या खात्यात सोय असेल तर तिथेही भरा.

सुरुवात 20 एसकेयूंवर (म्हणजे स्वतंत्र कोड असलेल्या 20 वस्तूंवर) करा. एका वेळी 10 टक्क्यांहून मोठा बदल मंजुरीशिवाय जाऊ देऊ नका, आणि खर्चाचा रकाना रिकामा असलेला एसकेयू नियमातच घेऊ नका. काही टूल्स रिकामा रकाना शून्य समजतात.