डॉलरच्या दुकानात काय घ्यावं, तुम्ही विचारलंत म्हणून

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, कुणाच्या डोहाळजेवणात, एकदा तर फ्युनरल होममधून परत येताना गाडीत, मला हाच प्रश्न विचारला गेलाय. "डॉलरच्या दुकानात घेण्यासारखं काय असतं हो? तुम्हाला तिथलं सगळं माहितीये म्हणे." त्या 'म्हणे'त काय काय दडलेलं असतं ते मला कळतं. इतकी वर्षं न्यू जर्सीत काढली, दोघांच्या नोकऱ्या आहेत, घर आहे, तरी ही बाई अजून त्या स्वस्तातल्या दुकानातच सापडते, असं. तर सापडते. आता एकदाच सगळं सांगते, म्हणजे रांगेत प्रसाद तरी सुखाने घेता येईल.

वाण घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस जणी धरा, काचेचे चाळीस बाऊल सव्वा डॉलरप्रमाणे पन्नास डॉलरला येतात, वर तीन-साडेतीन डॉलर टॅक्स. इंडियन स्टोअरमधल्या स्टीलच्या वाट्या प्रत्येकीकडे आधीच तीस आहेत, आणि त्यातल्या दहा मीच दिलेल्या. ग्रीटिंग कार्डं घ्या, गिफ्ट बॅगा घ्या. पॉटलकला न्यायचे ॲल्युमिनियमचे ट्रे, फुगे, मसाल्याच्या बरण्या डोळे मिटून घ्या. प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा. हसू नका, महागडी पट्टी तेच हार्मोन शोधते.

दूध घेऊ नका. सोळा औंसाची बाटली सव्वा डॉलरला स्वस्त वाटते, पण गॅलन म्हणजे एकशे अठ्ठावीस औंस, म्हणजे आठ बाटल्या, म्हणजे दहा डॉलर. मोठ्या दुकानात त्याच्या निम्म्यात गॅलन मिळतो. तिथली पुष्कळशी स्वस्ताई अशी पाकीट लहान करून आलेली असते. ज्याच्या खिशात आज दोनच डॉलर आहेत त्याला गॅलन घेता येत नाही, म्हणून तोच सगळ्यात महाग दूध पितो. पाकिटावर 'हेवी ड्यूटी' लिहिलेल्या बॅटऱ्या भिंतीवरच्या घड्याळाला चालतात, नातवाच्या गाडीला घातल्या तर संध्याकाळपर्यंत रडारड. दालचिनीची पूड तिथून नको. 2024च्या मार्चमध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याने, शिसं सापडलेल्या ब्रँडांची यादी काढली होती, त्यात डॉलरच्या दुकानातला माल होता. पण त्याच यादीत आपल्या इंडियन स्टोअरमधला एक ब्रँडही होता, त्यामुळे नाक फार वर करू नका.

आणि दुकानाच्या नावावर विसंबू नका. डॉलर जनरलचं पहिलं दुकान 1955मध्ये केंटकीत निघालं तेव्हा आत डॉलरच्या वरची एकही वस्तू नव्हती. आता तिथे डॉलरच्या वरच्या वस्तूच जास्त. डॉलर ट्री या दुसऱ्या साखळीने 2021च्या अखेरीस डॉलरचा सव्वा डॉलर केला, आणि आता काही फळ्यांवर तीन, पाच, सात असे आकडे दिसतात. कॅलिफोर्नियातल्या नाइन्टी नाइन सेंट्स ओन्लीने तर 2024मध्ये सगळीच्या सगळी दुकानं बंद केली.

मी 1999 साली इथे आले तेव्हा डॉलर त्रेचाळीस रुपयांना होता. कुठलीही वस्तू उचलली की डोक्यात गुणाकार सुरू. कोथिंबिरीची जुडी, बसचं तिकीट, केस कापणं, सगळ्याला त्रेचाळीसने गुणायचं आणि हात मागे घ्यायचा. डॉलरच्या दुकानात मात्र गुणाकार दारातच एकदा केला की संपला. दहा वस्तू म्हणजे दहा डॉलर. माहेरी, तासगावच्या गणपतीच्या रथाला गेलं की 'हरएक माल'वाल्याच्या गाडीपुढे माझे पाय असेच रुतायचे. तेव्हाच्या मला कुणी कंजूष म्हटलं असतं तर मी भांडले असते. मला तिथे श्रीमंत वाटायचं.

हे सगळं सांगून झालं की कुणीतरी हटकून विचारतं, "आणि चष्मे? वाचायचे चष्मे तिथे मस्त मिळतात ना?" मी म्हणते, "हो, मिळतात," आणि विषय बदलते. तेवढंच उत्तर राहिलंय.

ते मस्त मिळतात हे गावभर मीच केलेलं आहे. फिरत्या स्टँडवर टांगलेले, काचेवर नंबराचा गोल स्टिकर. आपल्याकडे त्याला नावच चाळिशी. वयाने जवळचं दिसेनासं होतं त्याला दोन्ही डोळ्यांना सारखं भिंग पुरतं, आणि डोळ्यांत तिरपा नंबर नसेल तर तेवढ्यावर भागतं. 2006मध्ये तासगावला जाताना मी अप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, असे सहा चष्मे नेले, वेगवेगळ्या नंबरांचे. अप्पा तेव्हा बासष्टचे. त्यांनी ओट्यावर पेपर पसरला, एकेक चष्मा घालून बघितला आणि दोन पूर्णांक पाववर बोट ठेवलं. "झालं की," म्हणाले. "सांगलीला जायला नको."

हे वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं. त्याआधी दर दोन वर्षांनी नंबर बदलायला ते सांगलीला जात. एसटी, रांग, डोळ्यांत थेंब घालून तासभर बसणं, मग डॉक्टर आत उजेड टाकून बघत. सगळा दिवस जायचा. मी तो वाचवला. मग प्रत्येक भारतवारीत सहा-सहा चष्मे गेले. अप्पांनी चेन असलेलं एक पाकीट केलं होतं त्यांच्यासाठी. शेजाऱ्यांना, पेन्शनरांच्या कट्ट्यावर, सगळ्यांना दाखवायचे. एखादा हरवला तर हळहळ नाही, डॉलरचा तर होता.

2017च्या डिसेंबरात मी गेले होते. सकाळी सोप्यात अप्पा पेपर वाचत बसले होते, मी चिवड्याची बशी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, चिवडा आणतेस ना?" मला वाटलं थट्टा करतायत. बशी वीतभर अंतरावर होती. मी ती उचलून पेपरावर ठेवली तेव्हा "हां" म्हणाले आणि खायला लागले. त्याच पेपरातला बारीक टाइपातला निधनवार्तांचा रकाना ते न अडखळता मला वाचून दाखवत होते. वहिनी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "हल्ली दाराच्या चौकटीला डावा खांदा सारखा आपटतो त्यांचा. आम्हाला वाटलं, वय झालं."

मिरजेला घेऊन गेलो. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात, आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर होते, दार अर्धवट उघडं. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज बऱ्यापैकी येत होता. डाव्याच्या वेळी इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मला वाटलं तपासणी संपली. मग एक टिक. मग परत शांत.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला, डाव्या डोळ्याचं वर्तुळ जवळजवळ काळं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो, आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, म्हणून वाचता येतं. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली सांभाळायची. मग त्यांनी विचारलं, "याआधी डोळे कधी तपासले होते?"

अप्पांनी खिशातून चेनचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. "गरजच पडली नाही," म्हणाले, अगदी ताठ बसून. "लेक आणते ना अमेरिकेतून."

डॉक्टरांनी एक चष्मा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. "वाचायला ठीक आहे हा," म्हणाले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी मला आधीच म्हणून झालेय. तयार चष्म्याने काचबिंदू होत नाही. त्याचा चष्म्याशी संबंधच नाही. डॉक्टरांनीही कुणाला दोष दिला नाही. दादा म्हणाला, "तुझा काय दोष, मी तर इथेच होतो." खरंय, होता. पण सांगलीची खेप चुकली याचं त्यालाही तेव्हा बरंच वाटलं होतं, आणि ते मी त्याला सुचवलंसुद्धा, रात्री, मोठ्या आवाजात. त्यावर तो काही बोलला नाही. अप्पांनी तसेही टाळलं असतं, असं मी म्हणते. मग आठवतं, 2006पर्यंत त्यांनी एकदाही टाळलं नव्हतं. मी विमानाच्या तिकिटाला हजार-बाराशे डॉलर घालत होते आणि सांगलीची तीनशे रुपयांची तपासणी वाचवल्याच्या फुशारक्या मारत होते. 2006ची मी म्हणेल, वडिलांना सहा चष्मे नेले, प्रेमानेच नेले ना? प्रेमानेच नेले. शिवाय सहाही सहा डॉलरांत बसतात याचा आनंद वेगळा होता, तो त्यात किती होता हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

तेव्हापासून मी दरवर्षी डोळ्यांचा दाब तपासून घेते. आईवडिलांपैकी कुणाला असेल तर मुलांना धोका जास्त असतो. आणि हो, हे लिहिताना माझ्या नाकावर जो चष्मा आहे तो सव्वा डॉलरचाच आहे. दुकानात स्टँडपाशी मी फार थांबत नाही, नंबर माहीत असतो, उचलायचा आणि निघायचं. म्हणून तुम्ही 'चष्मे घ्यावेत का' असं विचारता तेव्हा हो म्हणायला जीभ वळत नाही आणि नाही म्हटलं तर ते खोटं होतं.

अप्पा आता एक्याऐंशीचे आहेत. थेंब चालू आहेत, दादा रोज रात्री स्वतः घालतो. मिरजेच्या डॉक्टरांनी नीट मोजून करून दिलेला चष्मा कपाटात आहे, तो नाकाला टोचतो म्हणतात. मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. येताना ते आधीचे दोन-तीन आण, म्हणाली, त्यांना तेच लागतात. मी दोन आणलेत. स्टिकरसकट स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेत. बॅग अजून भरायला घेतलेली नाही.