खुब्याचा अहवाल मागितला आणि चषक पाहायला मिळाले

पुण्यात जर्मन शेफर्डचे पिल्लू घ्यायचे ठरवले तेव्हा घरच्यांची संमती, पशुवैद्यांशी बोलणे, लसींची आखणी हे सारे विनासायास जमले. अडले ते एकाच कागदापाशी, म्हणजे पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्यांच्या एक्स-रे अहवालापाशी, आणि त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

अहवाल मागितला की ब्रीडर वंशावळीचे प्रमाणपत्र पुढे करत, मग श्वानप्रदर्शनांतले चषक, मग विजेत्या आजोबांचे फोटो. "बाप बघा, कसली हेवी बोन आहे! एवढा चॅम्पियन, त्याला काय धाड भरलीय?" हे उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकले की पुढचे वाक्य मला आधीच ठाऊक असे. वंशावळीवरून कुत्रा कोणाचा हे कळते, पण खुब्याच्या उखळीत मांडीच्या हाडाचा गोळा घट्ट बसतो की नाही, हे रिंगणातल्या परीक्षकालाही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. एकाने पिल्लाला पळवून दाखवले. त्यावरूनही काही ठरत नाही, कारण हिप डिस्प्लेशियामध्ये, म्हणजे खुब्याचा सांधा सैल पडण्याच्या दोषात, जन्मतः सांधा सामान्यच असतो आणि सैलपणा वाढीच्या काळात प्रकट होतो. दोष आनुवंशिक आहे, म्हणून तर आई-वडील तपासायचे.

माक्स फॉन श्टेफानित्स यांनी 1899 मध्ये या जातीची संस्था स्थापली ती कामाच्या कुत्र्यासाठी. पुढे प्रदर्शनांसाठी उतरती पाठ आणि अति वाकलेले मागचे पाय निवडले गेले, आणि इथल्या बाजारात त्यावर वजनाची हौस चढली. झपाट्याने वाढणारे जड शरीर सैल सांध्यावर आले की संधिवात ठरलेलाच. (ग्रेट डेन शोधणाऱ्यांनी हृदयाची तपासणीही मागावी; शिवाय त्या जातीच्या खोल छातीमुळे जठराला पीळ पडण्याचा धोका मोठा असतो.)

शेवटी एका घरगुती ब्रीडरने न मागता दोन्ही पालकांच्या फिल्म समोर ठेवल्या, तेव्हा मला अक्षरशः हायसे वाटले. फिल्म पाहताना कुत्र्याला पाठीवर झोपवून मागचे पाय सरळ, समांतर ताणलेले आहेत आणि कंबर तिरकी नाही, एवढे तपासा. बहुधा त्यासाठी भूल द्यावी लागते. पालक वर्षाच्या आतले असतील तर तो एक्स-रे ग्राह्य धरू नका. कुत्र्यांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहून दर्जा ठरवणारी अमेरिकेतील ओएफए संस्था तर अंतिम दर्जा 24 महिन्यांनंतरच देते.

आधी सांगायला हवे होते ते असे, की 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, तेव्हा "आजच उचला" म्हणणाऱ्याच्या दारातूनच परतावे. पिल्लू घरी आल्यावर त्याला गुबगुबीत करू नये: 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅब्रॅडॉरांवरील अभ्यासात चतुर्थांश कमी खाणारी कुत्री सुमारे दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांचे खुबेही अधिक काळ शाबूत राहिले. गुळगुळीत फरशीवर मी सतरंज्या अंथरल्या आहेत, आणि कुत्री दोन वर्षांची झाली की तिचाही एक्स-रे काढणार आहे.