लेकीसाठी डब्यातला मासा शोधताना

मागच्या वर्षी मे महिन्यात लेकीला सिलिॲक निघालं, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला सोसत नाही असा आजार. आधी रक्ताची टीटीजी टेस्ट, मग दुर्बिणीतून तपासणी, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू, जव, राय ही धान्यं आता कायमची बंद. आमच्यात ज्वारीची भाकरी आणि भात रोजचाच, त्यामुळं चपातीचं काही वाटलं नाही, पण पोरीचा जीव माशात, आणि जून-जुलैत मासेमारी बंद म्हटल्यावर घाटाखालनं कोल्हापुरात येणारा मासा कमी आणि महागसुद्धा, म्हणून मी डब्यातलं, फ्रोजन शोधायला निघालो.

मला वाटायचं माशात गहू कुठनं येणार. राजारामपुरीतल्या एका दुकानात फ्रीजरसमोर मोबाईलची बॅटरी लावून तासभर बारीक अक्षरं वाचत होतो. फिश फिंगरला ब्रेडक्रम्स असतात ते ठाऊक होतं, पण क्रॅब स्टिक म्हणजे माशाचा लगदा आणि त्यात गव्हाचा स्टार्च, हे तिथं कळलं. टोमॅटो सॉसमधल्या तारलीच्या डब्यावर नुसतं 'थिकनर', म्हणजे सॉस दाट करायचा पदार्थ, कशाचा ते नाही, ठेवून दिला. शेवटी ट्यूनाचा एक डबा मिळाला, ट्यूना, पाणी, मीठ, बास.

कोळंबीचं लोणचं पण आणलं होतं. कोळंबी, तेल, मिरची, व्हिनेगर, हिंग, सगळं ठीक वाटलं. रात्री सहज आईची हिंगाची डबी फिरवून बघितली तर त्यावर डिंक, गव्हाचं पीठ आणि मग हिंग! महिनाभर आम्ही तोच हिंग पोरीच्या आमटीत घालत होतो ओ, पोटात गोळाच आला माझ्या. आई तर रडायलाच लागली. आता तांदळाच्या पिठातला हिंग बघून आणतो.

लोणच्याच्या कंपनीला मेल टाकला, हिंगात काय आहे म्हणून. आठ दिवसांनी उत्तर आलं, नुसतं 'प्रॉडक्ट सेफ आहे'. एवढ्यावर मी लेकराला देणार नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागं जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेन, तसं छापलेलं असलं तरच मसाल्याचं पाकीट घरात येतं. साधी फ्रोजन कोळंबी घेतो, घटकांत कोळंबी, पाणी, मीठ एवढंच असलं तर. आणि तळताना रवा नाही, तांदळाचं पीठ, तवापण वेगळा.

ट्यूना तिला आवडला नाही, कोरडा लागतो म्हणाली. मग आईनं त्यात कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि घरचं तिखट घातलं, आणि डबा संपला.